परभाषेचे व्रत

(मुळशी तालुक्यातील भरे येथे विद्यार्थी, पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मुळशी तालुक्यात व्याख्यानाला उभे राहावे आणि सेनापती बापटांचे स्मरण होऊ नये, हे शक्य नाही. १९२१ साली धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी येथील मावळ्यांनी जो सत्याग्रह पुकारला, त्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ केले. ही गोष्ट या परिसरातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यांच्या तरुणपणातील एक प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. आजच्या विषयाची सुरुवात त्या प्रसंगापासून करणे उचित ठरेल.

१९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून बापट शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकर आणि लंडनचे इंडिया हाऊस यांच्याशी त्यांचा संबंध आला. बाँबची विद्या रशियन क्रांतिकारकांना अवगत आहे, त्यातील काही जण पॅरिसमध्ये आश्रयाला आहेत, असे कळल्यावर बापट पॅरिसला पोहोचले. बंगालचे हेमचंद्र दासही त्याच शोधात तेथे आले होते. खटपटीनंतर ती विद्या सांगणारी पुस्तिका हाती आली. पण ती होती रशियन भाषेत! सातासमुद्रांपलीकडे येऊन, जिवावर उदार होऊन जे मिळवले, त्यातील एक अक्षरही वाचता येत नव्हते. अखेर एका रशियन व्यक्तीकडून तिचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागले, तेव्हा कुठे ती विद्या भारतात येऊ शकली. त्या भाषांतराची एक प्रत १९०९ साली नाशिकमध्ये बाबाराव सावरकरांच्या घराच्या झडतीत पोलिसांना सापडली, यावरून तिचा प्रवास किती दूरवर झाला हे ध्यानात येते.

या प्रसंगात धैर्य होते, त्याग होता, बुद्धी तर होतीच. तरीही सारे काम काही काळ एका भाषेपाशी अडले. शंभराहून अधिक वर्षे लोटली, साधने बदलली, ध्येये बदलली. पण भाषेपाशी काम अडते ही गोष्ट बदललेली नाही.

जमिनीकडून कौशल्याकडे

भरे गावाचे स्थान पाहा. एका बाजूला पिरंगुट आणि घोटावडे फाट्याचा कारखान्यांचा पट्टा, दुसऱ्या बाजूला डोंगरापलीकडे हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान. ज्या तालुक्याची ओळख पिढ्यान्पिढ्या आंबेमोहोर तांदूळ आणि पावसाळी डोंगर अशी होती, तेथे आता रस्त्यावरून मालमोटारी आणि कंपन्यांच्या बसगाड्या धावतात. शेत विकले गेले, काही रक्कम आली, घर बांधले गेले, गाडी आली. त्यानंतर घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो: पुढच्या पिढीने काय करायचे? जमीन एकदाच विकता येते. कौशल्य मात्र रोज वापरले तरी संपत नाही, उलट वाढते.

गावाच्या कुशीत कारखाना आला म्हणजे गावच्या मुलाला त्यात मानाची जागा मिळतेच असे नाही. पुणे परिसरात जर्मन आणि जपानी उद्योगांची संख्या मोठी आहे. यंत्र जर्मनीहून येते, ते बसवायला तंत्रज्ञ जर्मनीहून येतो, आणि त्याचे बोलणे समजणारा माणूस शहरातून आणावा लागतो. गावचा मुलगा फाटकावर गणवेश घालून उभा राहतो. फाटकावरचे काम हलके नाही. प्रामाणिक कष्टाचे कोणतेच काम हलके नसते. पण यंत्राजवळ उभे राहण्याची कुवत असताना केवळ भाषेच्या अभावी फाटकावर थांबावे लागणे, ही त्या मुलाची आणि गावाची हानी आहे.

यावर ‘आमच्या पोराला भाषा जमणार नाही’ असे उत्तर अनेक पालक देतात. कुणी म्हणते, ते हुशार मुलांचे काम. कुणी म्हणते, इंग्रजी माध्यमात घातले असते तर जमले असते. ही दोन्ही उत्तरे तपासून पाहण्याजोगी आहेत. परभाषा बुद्धीच्या जोरावर येते हा एक गैरसमज, आणि पैसे भरून येते हा दुसरा. आपल्या आया-आज्यांनी ज्या निष्ठेने व्रते केली, त्या निष्ठेने परभाषा येते. व्रताला आरंभी संकल्प असतो, मध्ये नियम असतो आणि शेवटी उद्यापन असते. या तिन्हींपैकी एक जरी वगळले तरी व्रत अपुरे राहते. भाषेचेही तसेच आहे.

संकल्प : कशासाठी शिकायचे?

संकल्पाचे सामर्थ्य पाहायचे असेल तर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पाहावे. १८६५ साली जन्मलेली, नवव्या वर्षी विवाह झालेली ही मुलगी. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, या वेदनेतून तिचा निश्चय झाला की डॉक्टर व्हायचे. हिंदू स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे संकोचतात आणि उपचारांवाचून मरतात; त्यांच्यासाठी स्त्री डॉक्टर हवी. ती विद्या भारतात स्त्रीला सहज मिळण्यासारखी नव्हती. ती अमेरिकेत होती, आणि तिचे दार इंग्रजी भाषेचे होते.

या मुलीला इंग्रजी कसे आले? पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांनीच तिला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. त्यांची शिस्त अतिशय कठोर, प्रसंगी अन्याय्य होती; तिचे अनुकरण कुणीही करू नये. पण घडलेल्या एका गोष्टीचे अनुकरण अवश्य करावे. १८८० साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात या दांपत्याविषयीचा मजकूर आला आणि त्यांनी पत्र पाठवले. त्यानंतर जवळपास तीन वर्षे दोघींचा इंग्रजीत पत्रव्यवहार चालला. आपले सण, आपल्या चालीरीती, आपली प्रकृती, आपली स्वप्ने, सारे काही आनंदीबाई परक्या भाषेत लिहीत होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर हा तीन वर्षांचा लेखनाचा सराव होता. फरक इतकाच की तो परीक्षेसाठी नव्हता. पलीकडे उत्तराची वाट पाहणारे एक जिवंत माणूस होते. कार्पेंटरबाई पुढे त्यांच्या मावशी झाल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे सभागृहात उभे राहून या तरुणीने ‘मी अमेरिकेला का जाते’ या विषयावर इंग्रजीत भाषण केले. त्या वेळी तिला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. समोर शंका घेणारे होते, टीका करणारे होते. त्यांना तिने एकेक मुद्दा घेऊन उत्तर दिले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे जाहीर केले. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परकी भाषा, परका देश. पण विषय आपला! दुर्दैवाने क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आयुष्य बावीस वर्षांचेही लाभले नाही. पण संकल्प पुरा झाला.

आता आपल्याकडील भाषावर्गांकडे वळू. जर्मन असो वा जपानी, पहिल्या पायरीच्या वर्गात गर्दी असते. पुढच्या प्रत्येक पायरीवर बाके रिकामी होत जातात. मुले मंद असतात म्हणून असे घडत नाही. ‘सगळे शिकतात म्हणून’, ‘प्रमाणपत्र असलेले बरे म्हणून’ अशा कारणांनी घेतलेला प्रवेश पहिल्या अवघड वळणावर गळून पडतो. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: ही भाषा आली तर त्या दिवशी नेमके काय करता येईल? उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. ‘जर्मन शिकायचे’ हा संकल्प होत नाही. ‘दोन वर्षांनी यंत्राची जर्मन माहितीपुस्तिका शब्दकोश घेऊन वाचता आली पाहिजे’, ‘जपानी पाहुण्याला कारखाना दाखवताना दुभाष्याची गरज पडता कामा नये’, ‘परिचारिका म्हणून रुग्णाची तक्रार त्याच्या भाषेत समजली पाहिजे’, हे संकल्प आहेत.

मोठ्या संकल्पाचे लहान टप्पे पाडण्याची सोय आज उपलब्ध आहे. युरोपीय भाषांसाठी ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. ए-१ म्हणजे ओळख करून देणे, भाव विचारणे, साधी चौकशी करणे. बी-१ म्हणजे परक्या गावी रोजचे व्यवहार स्वतःच्या हिमतीवर निभावणे. जपानीसाठी एन-५ ही खालची आणि एन-१ ही सर्वांत वरची अशा पाच पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला तारीख लावावी आणि ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहावी. घरच्यांना दिसेल अशी लिहावी. मनातला संकल्प मागे घेणे सोपे असते. भिंतीवर लिहिलेला रोज जाब विचारतो.

नियम : रोज, थोडे, न चुकता

शाखेत जाणाऱ्या कार्यकर्त्याला नियमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ठरलेले स्थान, ठरलेली वेळ, रोज एक तास. त्यातील एखाद्या दिवशी फार मोठे काही घडत नाही. पण वर्षानुवर्षांच्या त्या एका तासातून माणूस घडतो. योगशास्त्रात पतंजलींनी अभ्यासाची जी कसोटी सांगितली तीही हीच आहे: अभ्यास दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदरपूर्वक हवा.

साधा हिशेब मांडून पाहा. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला १८० तासांहून अधिक. रोज एक तास म्हणजे ३६५ तास. रविवारी एकदम चार तास बसणाऱ्याचे वर्षाचे तास २०८ होतात. आकडा लहान नाही, पण सोमवारपासून शनिवारपर्यंत विसरण्याला मोकळे रान मिळते. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की पाठ केलेल्या गोष्टींचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच विसरला जातो. मात्र अंतराअंतराने उजळणी केली तर स्मरण टिकते. आपल्या वेदपाठशाळांना हे प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. म्हणून तेथे नवा पाठ घेण्याआधी जुन्याची आवृत्ती असते. आज शिकलेले दहा शब्द उद्या पाहावे, तीन दिवसांनी पाहावे, आठवड्याने पाहावे, महिन्याने पुन्हा पाहावे.

जपानी वाचनाच्या वरच्या पायरीला सुमारे दोन हजार चित्राक्षरे लागतात, हे ऐकूनच मुले घाबरतात. पण रोज दोन अक्षरे घेतली तर एक हजार दिवस लागतील; म्हणजे तीन वर्षांहून थोडे कमी. बारावी ते पदवी या काळात हे काम बसते. डोंगर पायथ्यावरून पाहिला की छातीत धडकी भरते. मुळशीच्या माणसाला मात्र डोंगर पावलापावलाने चढायचा असतो हे शिकवावे लागत नाही.

नियमात चार गोष्टी असाव्यात: ऐकणे, मोठ्याने वाचणे, लिहिणे आणि बोलणे. यातील बोलण्यापाशी आपली मुले सर्वाधिक अडतात. चुकेल, लोक हसतील, ही भीती. या बाबतीत संस्कृत भारतीच्या संभाषण शिबिरांचा अनुभव मार्गदर्शक आहे. १९८१ पासून या कार्याने एक साधी पद्धत रुजवली. दहा दिवस, रोज दोन तास, आणि पहिल्या क्षणापासून फक्त संस्कृत बोलायचे. व्याकरण नंतर. चुकले तर चुकू द्यावे, पण बोलावे. ज्या भाषेला ‘मृत’ म्हणून हिणवले गेले, ती या पद्धतीने गृहिणींच्या, दुकानदारांच्या, शाळकरी मुलांच्या तोंडी आली. जी रीत संस्कृतला लागू पडली ती जर्मनला का पडू नये? एकमेकांशी बोलायला पाच मुले जमली की वर्ग सुरू झाला. आज भ्रमणध्वनीवर जपानी वा जर्मन वार्ता, गोष्टी, संभाषणे फुकट ऐकता येतात. ज्या यंत्रावर रोज तासन्‌तास निरर्थक चित्रफिती पाहिल्या जातात, त्याच यंत्रावर अर्धा तास कान तयार होऊ शकतो.

चिकाटीचे जवळचे उदाहरण हवे असेल तर ते पुण्यात, सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात सापडते. शिवकालाची पुष्कळशी साधने फारसीत आहेत, काही पोर्तुगीजमध्ये आहेत. परक्यांनी लिहिलेला आपला इतिहास परक्यांच्या भाषांतरांवरून लिहायचा नाही, अशा जिद्दीने तेथील अभ्यासक त्या भाषांना भिडले. ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फारसी साधनांचे खंड सिद्ध केले. गजानन भास्कर मेहेंदळे यांनी मूळ फारसी कागद वाचता यावेत म्हणून ती भाषा आत्मसात केली, मोडी लिपीवर प्रभुत्व मिळवले आणि दशकानुदशकांच्या परिश्रमांतून ‘श्री राजा शिवछत्रपती’ हा ग्रंथ १९९६ साली समाजापुढे ठेवला. २०२५ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचे वाचन, टिपणे आणि लेखन थांबले नव्हते. इकडे बंगालमध्ये जदुनाथ सरकार शिवचरित्रासाठी मराठी शिकले. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दफ्तरांतून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला. ज्याचे काम मोठे, त्याला भाषेचे कष्ट लहान वाटतात.

मराठीचे भांडवल

आता दुसऱ्या उत्तराकडे येऊ: ‘इंग्रजी माध्यम असते तर जमले असते.’ जर्मन किंवा जपानी शिकताना मराठी पक्के असणे ही अडचण नसून भांडवल आहे, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

जर्मन भाषेत तीन लिंगे आहेत. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला निर्जीव वस्तूला लिंग असते हेच अजब वाटते. हिंदी भाषकाला दोनच लिंगांची सवय असते. मराठी मुलाला तो डोंगर, ती नदी, ते झाड हे जन्मापासून माहीत आहे. जर्मनची लिंगे त्याला पाठ करावी लागतील, पण मुळातली कल्पना समजावून सांगावी लागत नाही. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत. मराठी शाळेत विभक्तीचा तक्ता म्हटलेल्या मुलाला त्यांचे भय का वाटावे? आदर आणि जवळीक यांनुसार तू आणि तुम्ही असा भेद जर्मनमध्येही आहे, आणि जोडवाक्याच्या गौण भागात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी जाते. जर्मन ‘झेड’ अक्षराचा उच्चार ‘त्स’ असा होतो. ‘चाक’ आणि ‘चूल’ म्हणणाऱ्या मराठी जिभेला तो मुद्दाम शिकावा लागत नाही.

जपानीचे साधर्म्य तर याहून जवळचे वाटते. ‘वाताशी वा गाक्को ए इकिमास’ या वाक्यात आधी ‘मी’, मग ‘शाळा’, तिला मागून जोडलेला ‘कडे’ आणि शेवटी ‘जातो’. शब्दांचा क्रम मराठीचाच. आपले प्रत्यय नामाच्या मागे लागतात, त्यांचेही मागेच लागतात. एवढेच नव्हे, तर जपानी काना वर्णांचा प्रचलित क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा चालतो. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण त्याच्या मागे भारतीय वर्णविचाराचा संस्कार आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपी आणि संस्कृत उच्चारशास्त्राचा जो अभ्यास तिकडे केला, त्याची ही खूण आहे. पाणिनीच्या परंपरेतील वर्णमाला इतक्या दूरवर पोहोचली, आणि आपण मात्र मुलांना क-ख-ग शिकवायला लाजतो!

ज्याचे मराठी कच्चे, त्याला परभाषेतला बारकावा पकडायला हातात काहीच नसते. म्हणून परभाषेच्या अभ्यासाची पूर्वतयारी रोज एक पान मराठी मोठ्याने वाचण्यापासून सुरू होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रारंभिक शिक्षण शक्यतो मातृभाषेत आणि माध्यमिक स्तरावर परदेशी भाषांचा पर्याय अशी जी रचना सांगितली, तिच्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा मान घरातल्या बोलण्यात राखला गेला पाहिजे.

स्वराज्याची रीत

परभाषा शिकली की माणूस परका होतो का, ही शंका अनेक घरांत असते. तिचे उत्तर शिवछत्रपतींच्या कारभारात मिळते. राज्याभिषेकानंतर महाराजांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली कारभारातील सुमारे १४०० परकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. स्वराज्याचा कारभार स्वभाषेत! पण त्याच स्वराज्यात फारसी जाणणारे मुनशीही होते. १६७९ साली औरंगजेबाने जिझिया लादला, तेव्हा त्याला सुनावणारे जे प्रसिद्ध पत्र गेले ते फारसीत होते आणि नीलप्रभू मुनशींच्या लेखणीतून उतरले असे इतिहासकार मानतात. घरातला व्यवहार आपल्या भाषेत आणि शत्रूला उत्तर त्याच्या भाषेत, तेही त्याला खोट काढता येऊ नये अशा सफाईने.

हीच रीत पुढे चालत आली. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर स्वतःला मराठी भाषेचे शिवाजी म्हणवून घेत. भाषाशुद्धीचा आग्रह धरणारे आणि महापौर, दिनांक यांसारखे शब्द रूढ करणारे सावरकर इंग्रजीत तितकेच समर्थपणे लिहीत. आणि ज्यांच्यापासून आज सुरुवात झाली त्या सेनापती बापटांनी उत्तरायुष्यात योगी अरविंदांचा ‘लाइफ डिव्हाइन’ हा इंग्रजी ग्रंथ मराठीत आणला. तरुणपणी भाषेअभावी अडलेल्या माणसाने पुढे इतरांसाठी भाषेचा पूल बांधला.

उद्यापन : गावाला काय मिळणार?

आज संधी नाहीत असे कुणी म्हणू शकणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासाठी करार झाला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांचा त्यात विचार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवण्याची घोषणा केली. जपानशीही कुशल कामगारांसाठी जानेवारी २०२१ मध्ये करार झालेला आहे. मात्र कराराची चाके सावकाश फिरतात, आणि व्हिसा मिळाला तरी भाषा कुणी बरोबर बांधून देत नाही. परिचारिकेला जर्मनीत पूर्ण मान्यता हवी तर साधारणतः बी-२ पर्यंत जावे लागते. म्हणजे सहापैकी चौथी पायरी. चार महिन्यांत सारे शिकवतो, नोकरीची हमी देतो, असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्या दलालापासून पालकांनी दूर राहावे. शेत विकून आलेला पैसा अशा हातांत जाणे याहून मोठे दुर्दैव नाही.

सर्वांनीच परदेशी जावे असे नाही. भरे येथे राहून पिरंगुटच्या वा चाकणच्या कारखान्यात दुभाषी होता येते, घरबसल्या तांत्रिक भाषांतर करता येते, गावच्या पुढच्या मुलांना शिकवता येते. जे जातील त्यांनी जावेच. परंतु आनंदीबाईंचे शब्द सोबत न्यावेत. जाताना जे आपण असू ते परतताना असले पाहिजे. आणि परत येताना रिकाम्या हाताने येऊ नये. तिकडची शिस्त, तिकडचे तंत्र, तिकडची वक्तशीरता येथे आणावी. भाषेच्या व्रताचे खरे उद्यापन ते आहे.

पालकांनी काय करावे? मुलाला ती भाषा येत नाही म्हणून रागावू नये आणि आपल्याला ती येत नाही म्हणून संकोचू नये. त्याच्या अभ्यासाच्या अर्ध्या तासात दूरचित्रवाणी बंद ठेवावी. आज शिकलेले पाच शब्द त्याने जेवताना आजीला मराठीत समजावून सांगावेत. ज्याला आजीला समजावता येते त्याला ते खरोखर आलेले असते. कार्यकर्त्यांनी काय करावे? सायंकाळी शाळेचा एक वर्ग किंवा मंदिराचा ओटा मिळवावा, पाच-सात मुलामुलींना एकत्र आणावे, महिन्यातून एकदा पुण्याहून जाणकार शिक्षक बोलवावा आणि उरलेले दिवस मुलांनी एकमेकांना घडवावे. रोज शहरात जाणे-येणे परवडत नाही म्हणून कुणाचे शिक्षण थांबता कामा नये.

वर्षभरात काहींचा उत्साह ओसरेल. तेव्हा घेतला वसा टाकायचा नसतो, हे आईने आठवण करून द्यावे. ते तिच्याइतके चांगले कुणालाच सांगता येणार नाही. खंड पडला तर हळहळत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा वही उघडावी.

आज घरी गेल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने एक कोरी वही घ्यावी. पहिल्या पानावर मराठीत एक वाक्य लिहावे: कोणती भाषा, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत. खाली आई-वडिलांची सही घ्यावी. आणि दुसऱ्या पानावर, झोपण्यापूर्वी, त्या भाषेतील पहिले पाच शब्द लिहावेत.